रिकाम्या हॉलमधले पाच जण

हॉल रिकामा होता आणि स्क्रीन सांगत होता, आत पाच जण आहेत.

युद्धकाळातल्या फॅसिस्ट पोस्टरांचं प्रदर्शन दुसऱ्या दिवशी उघडायचं होतं. आत किती माणसं आहेत ते कॅमेऱ्यानं मोजायचं काम माझ्याकडे होतं. क्लायंटनं साइन-ऑफ, म्हणजे ‘काम पसंत’ अशी सही दिली नाही, तर माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, काही रिन्यू होत नव्हता. मग हा देश आणि सेंगकांगचा फ्लॅट सोडून पुणं गाठायचं.

प्रदर्शनाच्या मॅनेजर मिस टॅन हॉलबाहेर, स्क्रीनसमोर हाताची घडी घालून उभ्या होत्या.

“हे पाच कोण?”

“बघतो.”

बाहेरची फरशी पुसणाऱ्या आंटी म्हणाल्या, “सातवा महिना आहे लाह. त्यांना मोजू नकोस.” चिनी पंचांगातल्या या महिन्यात इथे पितर फिरत असतात, असं मानतात. आपला पंधरवडा, यांचा अख्खा महिना.

बॉसला फोन केला. “पाच वजा कर आणि मोकळा हो,” तो म्हणाला. असल्या सल्ल्यांवरच तो बॉस झाला होता.

मग एकेक वस्तू झाकून पाहिली. एका इटालियन पोस्टरवर टेबलक्लॉथ टाकून बाहेर आलो आणि आकडा शून्यावर आला. पोस्टरवर पाच हसरे सैनिक होते. डोळे, नाक, तोंड ठरावीक अंतरावर दिसलं की आमचं सॉफ्टवेअर त्याला माणूस समजतं. माझा जीव भांड्यात पडला.

“तेवढा भाग मास्क करतो. म्हणजे कॅमेरा तिकडे बघणार नाही.”

“पण चित्रात सहा जण आहेत,” मिस टॅन म्हणाल्या.

सहावा सैनिकांच्या पायाशी पडलेला इंग्रज होता. डोक्याला शिंगं, तोंडात सुळे, नाक डुकराचं.

“तो शत्रू आहे.”

“माणूसच ना?”

“हो. पण सॉफ्टवेअरला वाटत नाही.”

त्यांनी आत जाऊन पोस्टरवरचा टेबलक्लॉथ काढला. सही गेली, असं मी धरूनच चाललो.

“मास्क करू नका. स्क्रीन याच पोस्टरखाली लावा. हेच सांगणारी पाटी मी महिनाभर लिहितेय, जमत नव्हती.”

माणसं मोजायला दुसरा कॅमेरा दारावर लावला. सही मिळाली. बॉसनं पुढच्या प्रेझेंटेशनमध्ये माझा बग फीचर म्हणून दाखवला.

मला मात्र थोडी लाजच वाटली. जास्तीचे पाच शोधण्यात मी अख्खी दुपार घालवली आणि सुटलेला एक मला दिसलाही नव्हता. शत्रू माणूस म्हणून दिसूच नये, पोस्टर काढणाऱ्याला तेच हवं होतं. आता टेस्टिंगला बसलो की जास्तीचे नंतर बघतो. आधी कोण सुटलं ते.