कॉन्व्हेंटात मुराळी

लेक सासरी गेली की पंचमीला नाहीतर दिवाळीला तिला आणायला माहेरचं माणूस जातं. त्याला आमच्याकडं मुराळी म्हणतात. भाऊ असला तर भाऊ जातो, नसला तर चुलता, तोही नसला तर मामा. बाई जात नाही. मी गेले होते. तेही सासरी नाही, कॉन्व्हेंटात. त्याची गावात अजून चेष्टा होते, म्हणून एकदा नीट सांगून टाकते.

आम्ही कॅथलिक. मांडवगण फराट्याच्या अलीकडं नदीकाठी आमचं गाव, त्यात आमची चार घरं. बाकी धनगर, मराठे आणि खालच्या आळीला बौद्ध. धर्म आमच्या मालकांच्या आज्यानं घेतलेला. का घेतला ते आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मी सून म्हणून आले तेव्हा काळ्या मण्यांत क्रूस ओवून गळ्यात घातला, तो आजही आहे.

चर्च दौंडला. रविवारी वडापच्या जीपला लोंबकळत जायचं. सकाळची मिस्सा, म्हणजे रविवारची मोठी प्रार्थना, इंग्लिश, रेल्वेवाल्या लोकांची. त्यांच्या बायका फ्रॉक घालून पुढच्या बाकावर. नंतर आमची मराठी मिस्सा. तोवर आम्ही बाहेर लिंबाखाली पोरांना घेऊन बसायचो. मला त्याचं वाईट वाटलं नाही. लिंबाखाली वारा चांगला लागायचा.

एकदा फादर म्हणाले, "बाई, रविवारी शेतात काम करू नये. तो देवाचा दिवस."

मी म्हणाले, "म्हशीला तेवढं सांगा, फादर. ती रविवारीबी दूध देती आन् रविवारीबी शेण टाकती."

फादर खूप हसले. त्यानंतर भेटले की आधी विचारायचे, "म्हैस काय म्हणते?"

माझा धर्म एवढाच. खुरपायला गेले की उसाच्या एका सरीला एक नमो मरिया. जपमाळ घरी खुंटीला, शेतात ती मातीनं खराब होते. पोरं आजारी पडली की आधी शिरूरचा दवाखाना, मग मेणबत्ती. उपवासकाळात मटण नाही, पण ऊसतोडीला गेलेल्या माणसाला मी उपास धरू दिला नाही. शेजारच्या धनगराच्या आक्काकडून बिरोबाचा नैवेद्य आला की आम्ही खायचो आणि नाताळच्या करंज्या तिच्याकडं जायच्या. काही जणी म्हणायच्या, दुसऱ्याच्या देवाचं खाल्लं तर पाप लागतं. मला कधी लागलं नाही.

मला दोन पोरं. थोरला मुलगा, धाकटी लेक. लेकीला सिस्टरांच्या बोर्डिंगात शिकायला ठेवली होती. दहावी झाली आणि ती सुट्टीला घरी आली. आम्ही दोघी कांद्याची पात कापत बसलो होतो. ती म्हणाली, "आई, मी सिस्टर होणार."

मी म्हणाले, "आधी हा ढीग संपव."

ढीग संपला तरी तिचं बोलणं तेच. तिचे आबा ओट्यावर बसून रडले. पुरुष माणूस, गवंडी, हाताला घट्टे पडलेले, आणि बाईसारखा रडला. मी रडले नाही. मला राग आला होता. देवाला द्यायचंच तर मी बकरू दिलं असतं, मेणबत्त्या दिल्या असत्या. मागून मागून त्यानं पोरगी मागितली. पण तिला अडवायचं कोणत्या तोंडानं? जप तिला मीच शिकवला होता.

ती निघाली त्या दिवशी आक्का तांदूळ आणि नारळ घेऊन आली, तिची ओटी भरायला. म्हणाली, "तिथं सासू हाय का गं?"

"मदर हाय."

"म्हंजी सासूच की. आन् नवरा?"

लेकीनं भिंतीवरच्या येशूच्या तसबिरीकडं बोट केलं. आक्कानं वर बघितलं, पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "दिसायला बरा हाय. घरात थांबतो का, का आमच्या ह्यांच्यावानी दिसभर पारावर?"

लेकपण हसली. ओटी तिनं भरून घेतली. बांगड्या मात्र काढून माझ्या हातात दिल्या.

पुढची वर्षं कशी गेली ते मला लिहिता येत नाही. काम होतं म्हणून गेली. सुरुवातीला घरी यायची मनाईच होती. मग शपथविधी झाला, त्याला आम्ही जाऊन आलो. मग तिला मध्य प्रदेशात जंगलातल्या गावी पाठवलं. चार-पाच वर्षांनी एकदा घर, असा त्यांचा नियम.

पंचमी आली की मला करमायचं नाही. पोरी माहेरी यायच्या. चिंचेला झोका बांधायचा, दुपारभर गाणी. आक्काची लेक वरवंडला दिलेली, ती आठ-आठ दिवस राहायची. आईच्या मांडीवर डोकं ठेवून उवा बघून घ्यायची. दोन पोरांची आई झालेली घोडी, पण आईच्या मांडीवर. मी दार लावून घ्यायचे. आक्कानं ते बघितलं असावं. एकदा पाण्याला जाताना म्हणाली, "तुमी मुराळी का धाडत न्हाई? आमच्यात मुराळी गेल्याबिगर कुणी लेक पाठवत न्हाई. तिची मदरबी वाट बघत आसंल, म्हणत आसंल, कसली ही मानसं, न्यायला कुणी येत न्हाई."

ते माझ्या डोक्यात बसलं. मुलगा तेव्हा रांजणगावच्या एका कंपनीत लागला होता. त्याला म्हटलं, नाताळाला बहिणीला घेऊन ये.

"आई, कॉन्व्हेंटला मुराळी जातो व्हय गं? लोकं हसतील. आन् मला लीव मिळत न्हाई."

त्याच्या आबांचे गुडघे गेलेले. मग मीच जाते म्हणाले. फादरांना सांगितलं तर ते म्हणाले, "आधी मदरना लिहून विचारा."

मी म्हणाले, "मुराळी विचारून जात नसतो, फादर. दारात उभा राहिला की त्याला नाही म्हणत नाहीत. त्याच्यासाठीच तर जायचं."

 गाडीचं तिकीट पुढं फादरांनीच माणूस पाठवून काढून दिलं.

मुराळी रिकाम्या हातानं जात नाही. करंज्या केल्या, शेंगदाण्याचे लाडू केले, लसणाची चटणी कुटली. सासूला मान म्हणून एक खण घेतला, हिरवा, काठाचा. दौंडला दिल्लीकडं जाणाऱ्या गाडीत बसले. इटारसीला उतरले, तिथून एसटीसारख्या खटाऱ्यानं जंगलात. हिंदी मला येत नव्हती. मी मराठीच बोलत गेले आणि पोचले.

लेक दवाखान्याच्या ओसरीवर एका म्हातारीचा पाय धूत होती. मला बघून तिनं आधी म्हातारीच्या पायाला पट्टी बांधली, गाठ मारली, हात धुतले आणि मग आली. मला ते आवडलं आणि रागही आला.

मदर केरळच्या होत्या, वयस्कर, जाड चष्मा. मी त्यांच्यापुढं खण ठेवला आणि म्हणाले, "मी लेकीची मुराळी. नाताळाला न्यायला आले." लेकीनं मान खाली घालून ते हिंदीत सांगितलं. कान लाल झाले होते तिचे. मदरना आधी काही कळेना. खण उलटासुलटा करून बघितला, कारण त्यांना वाटलं देवघरातल्या टेबलाला कापड आणलंय. मग लेकीनं समजावलं, की सासूला देतात. त्या एवढ्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसले. खण कपाळाला लावला. म्हणाल्या, "सास बन गया मैं! अच्छा, ले जाओ. पाँच दिन ले जाओ. हम मना नहीं करता."

इतकी वर्षं मी नियमाला शिव्या देत होते. नियम असा एका खणात सुटला.

पोरीची पिशवी भरायला तिच्या खोलीत गेले. लोखंडी खाट, एक खुर्ची, खिळ्याला दोन झगे. मी म्हणाले, "चल, आवर. सकाळची गाडी हाय."

ती खाटेवर बसून राहिली. म्हणाली, "आई, मी येत न्हाई."

"का? सासूनं तर सोडलं."

"हितं बोर्डिंगातल्या पोरी नाताळाला हितंच ऱ्हात्यात. त्यांना घर न्हाई."

"आन् मला लेक न्हाई, त्याचं काय? पोरींना दुसऱ्या सिस्टर हायत."

"तुला दादा हाय. आबा हायत."

"मला माहीत हाय माझ्या घरात कोण कोण हाय. मला मोजून दावू नको."

 मी तिचा झगा खिळ्यावरून काढला आणि घडी घालायला लागले. तेव्हा ती हळू आवाजात बोलली. "आई, मी आले तर मला परत यायला जमायचं न्हाई. मला घरची लई आठवण येती. वास येतो मला घराचा, जेवताना बी येतो. म्हणून येत न्हाई. पक्की झाले की येईन."

मी तिच्याकडं बघितलं. सव्वीस-सत्तावीस वर्षांची बाई, पण ओठ लहानपणी सुई टोचताना व्हायचा तसा झालेला. मला कळलं की मी आता एक शब्द बोलले तर ही उठेल. चल एवढंच म्हणायचं. येईल, आणि परत जाणार नाही, आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून उवा बघून घेईल. मी त्याच्यासाठीच तर आले होते.

मी झगा खिळ्याला परत अडकवला.

फादर पुढं म्हणाले, बाई, तुम्ही मोठा त्याग केलात. मी त्यांना सांगितलं, त्यागबिग काही नाही. त्या खोलीत मला देव आठवला नाही. पोरगी एका कामाला लागलीय आणि ते तिला येतंय, एवढं मी ओसरीवर बघितलं होतं. ती अर्ध्यातून उठवून आणली असती तर माझी भूक भागली असती, आणि ती जन्मभर अर्धी राहिली असती. हे मला तेव्हा असं मांडता आलं नव्हतं. तेव्हा फक्त हात थांबला.

दोन दिवस राहिले. चटणी पोरींनी संपवली, नाकाडोळ्यांतून पाणी गाळत. लेक बसपर्यंत सोडायला आली. ती माझ्या पाया पडायला वाकली आणि मी तिच्या, शेवटी दोघींची डोकी एकमेकींवर आपटली. बस लांब गेल्यावर मी रडले. शेजारच्या बाईनं मला चणे दिले.

गावात परत आले तर आक्का वेशीवरच उभी. माझ्या मागं बघत म्हणाली, "लेक कुठं?"

"न्हाई आली."

"सासूनं अडवली ना? मला वाटलंच व्हतं."

"सासू चांगली हाय," मी म्हणाले, आणि पुढं काही सांगितलं नाही. त्या नाताळाला मी करंज्या केल्या नाहीत. आक्कानं तिच्याकडच्या पाठवल्या, जरा जळक्या.

लेक पुढं पक्की झाली, जन्माची शपथ घेतली. आता येते, चार वर्षांनी, पाच वर्षांनी, पंधरा दिवस राहते. तिचे केसही पिकलेत. पहिल्या दिवशी पाहुण्यासारखी बसते, मग भांडी घासायला लागते. तिच्या बापाच्या मातीला तिला पोचता आलं नाही. गाडी उशिरा आली, आम्ही ऊन वाढलं म्हणून थांबलो नाही. ती आली तेव्हा कबरीवरची माती वाळली होती. ती शेजारच्या कबरीवरचं गवत उपटत बसली.

देवाशी माझं भांडण अजून आहे. मिस्सेला जाते, जप करते, पण त्या एका गोष्टीवर मी त्याला सोडलेलं नाही आणि तो मला उत्तर देत नाही. कन्फेशनला फादरांना हेही सांगते. आताचे फादर तरुण आहेत, घाबरतात.

दुसरं मी काही मागत नाही. तिला परत दे असं आता म्हणत नाही, ती वेळ माझ्या हातात होती आणि मी ती सोडली. पण फादरांना आणि मुलाला बजावून ठेवलंय. मी गेले की आधी तिला फोन करा. दौंडला गाडी येईपर्यंत पेटीवर खिळा ठोकायचा नाही. बर्फ आणायचा असेल तर आणा. गाडी उशिरा आली तर उशिरा माती द्या, रात्र झाली तर दुसऱ्या दिवशी द्या. मुलगा म्हणतो, आई, लोकं खोळंबतील. खोळंबू देत. त्यांना चहा पाजा.