टोपी काढा, हनुवटी वर

“टोपी काढा. हनुवटी वर. हलायचं नाय.”

या तीन हुकमांनंतर अशी काही शांतता पसरायची की समोर स्टुलावर बसलेल्या माणसाला आपल्या हातून आजवर काय काय चुकलं ते सगळं आठवायचं. नेमकं तेवढ्यात खट्ट असा आवाज व्हायचा. मग कॅमेऱ्यामागून चौथं वाक्य यायचं, अगदी वेगळ्या, मायेच्या सुरात, “हं, आता हला.”

पैठण गेटच्या मागच्या गल्लीत ज्यांनी पासपोर्ट साइज फोटो काढून घेतलाय त्यांना हे सांगायला नको. त्यातले असाल तर कपाट उघडा आणि तो फोटो बघा. हनुवटी वर आहे ना? आणि तोंडावर, आपण काहीतरी चोरलंय असा भाव? ती आमच्या फोटोवाल्या मामांची सही समजा.

त्यांचा स्टुडिओ तळमजल्यावर, आणि त्यांच्या बरोब्बर डोक्यावर माझं टायपिंग इन्स्टिट्यूट. शहर तेव्हा औरंगाबाद होतं आणि मी नुकतीच ‘मास्तरीणबाई’ झाले होते. वर माझ्या पोरी मशीन बडवायच्या, खाली मामांच्या पडद्यावर छताचा चुना गळायचा. त्या पडद्यावर एक पांढरी घुमटाची इमारत रंगवलेली होती. कुणी ताजमहाल म्हटलं की मामा ताजमहाल म्हणायचे, कुणी मकबरा म्हटलं की मकबरा. पेंटरला विचारायचं राहून गेलं, असं त्यांचं म्हणणं.

एकदा फुलंब्रीचे एक आजोबा पासबुकासाठी फोटो काढायला आले. मामांनी सवयीनं टोपी काढायला सांगितलं तसे आजोबा भडकले. “कामून काढू टोपी? कोण मेलं का?” आता यावर दुसरा एखादा वाद घालत बसला असता. मामा पुढे आले, दोन्ही हातांनी आजोबांची टोपी अलगद उचलली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली. कॅमेऱ्यामागे परतत म्हणाले, “खाली ठेवीत नाय बगा. तुमचा मान माझ्या डोक्यावर हाय. हनुवटी वर.” आजोबा खुदकन हसले आणि नेमका तेव्हाच फोटो निघाला. बँकेत तो चालला की नाही देव जाणे. मामांनी त्याची जास्तीची प्रत काढून काचेच्या कपाटात लावली.

तर अशा माणसाला मिरचीचं वेड लागावं?

वेड खरं तर मामींचं होतं. मामींचं माहेर करमाडच्या पुढचं. तिथं त्यांच्या आईच्या परसात एक मिरची व्हायची. बोटाच्या पेराएवढी, आणि गंमत म्हणजे खाली लोंबायची नाही, आभाळाकडे तोंड करून उभी राहायची. आई गेली, भावांनी जमीन विकली, परसावर कुणाची तरी पत्र्याची शेड आली. मामींच्या हातात राहिली ती पदराच्या तुकड्यात बांधलेली, राखेत घोळलेल्या बियांची एक पुरचुंडी. पावसाळ्यात त्यांनी त्यातलं थोडं बी अंगणातल्या डब्यात टाकलं. झड लागली, डब्यात पाणी साचलं, रोपं मुळाशी सडून आडवी झाली. त्यानंतर मामी आठवडाभर साधं वरण-भात करत राहिल्या. मामांनी ठेच्याची आठवण काढली तर म्हणाल्या, “बाजारातली मिरची जाळते. बोलत नाय.”

हे वाक्य मामांना लागलं. ते हिवाळ्यातच कामाला लागले. रोपं आत्ता घरात वाढवायची, उन्हाळ्यात बाहेर काढायची, म्हणजे पाऊस येईपर्यंत ती दांडगी होतील, असा त्यांचा बेत. मामींनी पुरचुंडी सोडली आणि निम्मं बी न मोजता, नुसतं डोळ्यांनी वाटून दिलं.

थंडीत मिरचीचं बी उठत नाही. पण मामांकडे फोटो वाळवायचं मशीन होतं, त्याचा माथा कायम कोमट. ओल्या फडक्यात बी बांधून मामांनी ते त्यावर ठेवलं. लग्नसराईचे फोटो खाली वाळत होते, वर मिरची उबत होती. बियांना मोड आले त्या दिवशी मामांनी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले. पेढ्यांना हायपोचा, म्हणजे फोटो धुवायच्या औषधाचा वास येत होता, तरी आम्ही खाल्ले.

आणि मग त्यांनी जे केलं ते फक्त एक फोटोग्राफरच करू जाणे. मोड आलेलं बी मातीत टोचून त्यांनी तो ट्रे डार्करूममध्ये नेला. लाल दिव्याखाली. दार बंद, वर पडदा. उभ्या हयातीत त्यांनी एकच धडा गिरवला होता: कच्च्या चीजेला उजेड दाखवायचा नाही, नाहीतर सगळं काळं होतं. मी म्हटलं, मामा, झाडं आहेत ती. तर मला म्हणाले, “मास्तरीणबाई, पक्की झाल्याबिगर बाहेर काढायची नायत. तुम्ही तुमचं टकटक बगा.”

रोपं उगवली. पांढरी, शेवयांसारखी लांब, उजेड शोधत एकमेकींच्या गळ्यात पडलेली. एका दुपारी मामींनी पडदा सारला आणि आत बघितलं. वर माझ्या पोरींची बोटं थांबली होती, कारण आम्ही सगळ्या जिन्यावर कान लावून उभ्या होतो.

“अहो,” मामी म्हणाल्या, “हे फोटो हायत व्हय? लेकरं हायती.”

त्या शेवयांतली एकही वाचली नाही. मामांनी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. आलेल्या गिऱ्हाइकांना हलायचं नाय असं म्हणणंही त्यांनी सोडलं, त्यामुळे त्या आठवड्यातले बरेच फोटो नैसर्गिक आले अशी तक्रार आहे.

आता उरलं होतं ते मामींच्या गाठीतलं. हे गेलं की ती मिरची जगातून गेली, आणि तिच्यासोबत त्या परसाची उरलेली चवही. तुम्ही मामींच्या जागी असता तर ती गाठ पुन्हा त्याच माणसापुढे सोडली असती का? मी नसती सोडली. मामींनी सोडली. फक्त म्हणाल्या, “आता मी बी संग राहीन.”

पुन्हा कोमट मशीन, पुन्हा मोड. या वेळी ट्रे गेले थेट स्टुडिओत, ट्यूबलाइटच्या खाली. दिवसभर पांढरा उजेड. गिऱ्हाईक स्टुलावर, आणि बाजूला मिरची. खुलताबादचे एक चाचा पासपोर्टसाठी आले होते, ते ट्रेकडे बघत म्हणाले, “क्या मामू, मिरच्या का बी पासपोर्ट बनारें?” मामा गंभीरपणे म्हणाले, “हौ. पैले टोपी निकालने दो.”

आणि खरंच, मिरचीचं रोप वर येताना मान वाकवून येतं आणि डोक्यावर बीचं टरफल टोपीसारखं घेऊन येतं. मामांनी पहिल्या रोपाची टोपी चिमटीनं ओढली. टोपीसोबत डोकंही आलं. मामींनी त्यांचा हात बाजूला केला, पाण्याचा एक थेंब टोपीवर सोडला आणि वाट बघितली. टोपी आपोआप पडली. मामा हळूच म्हणाले, “हनुवटी वर.”

पण विजेचा काय भरवसा? ती जायला लागली आणि अंधाऱ्या स्टुडिओत रोपं पुन्हा लांबायला लागली. इमारतीत सकाळचं ऊन येणारी खिडकी एकच, माझ्या इन्स्टिट्यूटची. मी देऊ केली, मामांनी नाकारली. तुमच्या मशीनी पाळणा हलवल्यासारखं टेबल हलवतात, म्हणाले. नाजूक जीव आहे, हलायचं नाय. मामींनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी एक ट्रे स्वतः उचलून आणला आणि खिडकीतल्या टेबलावर, चार मशीनींच्या मध्ये ठेवून दिला. अर्धी लेकरं खाली बापाकडे, अर्धी वर आमच्याकडे.

माझ्या पोरी मशीन चालवायच्या तशी रोपं थरथरायची. दिवसभर. मला धाकधूक. पण काही आठवड्यांत वरची रोपं बुटकी, जाड देठाची, काळपट हिरवी झाली. खालची उंच आणि मऊ. मामांनी त्यांना काडेपेटीतल्या काड्यांचे टेकू दिले होते, एखाद्या दवाखान्यासारखे.

एके सकाळी मामा जिना चढून वर आले. रिकाम्या खुर्चीवर बसले. ट्रेकडे बघत राहिले. मग म्हणाले, “पोरींनो, चालवा बरं मशीनी.” पोरींनी चालवल्या. रोपं थरथरली. मामांनी पुढे वाकून एका रोपाच्या देठाला बोट लावलं, दाबून बघितलं. थरथरून थरथरून ते टणक झालं होतं. खाली गेले आणि काड्यांसकट आपला ट्रे घेऊन आले. सगळ्यांत जोरात टाइप करणाऱ्या पोरीच्या मशीनशेजारी त्यांनी तो ठेवला आणि एकेक काडी उपटून काढली.

“हं,” ते रोपांना म्हणाले, “आता हला.”

मला वाटतं, तसं म्हणायला त्यांना लई जड गेलं असणार.

उन्हाळ्यात रोपं तेलाच्या डब्यांत गेली. पाऊस आला तेव्हा ती कंबरेला हात ठेवून उभी होती. मिरच्या लागल्या, आभाळाकडे तोंड करून. मामींनी ठेचा केला, भाकरी केली आणि आम्हाला सगळ्यांना बसवलं. मामांनी पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून धारा लागल्या. मामींनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. “हलायचं नाय,” त्या म्हणाल्या. मग स्वतः एक घास घेतला, डोळे मिटले, आणि बराच वेळ मिटलेलेच ठेवले.

त्या दिवशी मामांनी मिरचीच्या डब्याशेजारी मामींचा फोटो काढला. मामी ऐन वेळी हसल्या आणि हलल्या. फोटोत झाड लख्ख, आणि मामी म्हणजे नुसती हसरी धूसर रेघ. उभ्या गल्लीला पुतळ्यासारखं बसवणाऱ्या माणसानं तो हललेला फोटो मोठा करून काचेच्या कपाटात मधोमध लावला, टोपीच्या आजोबांच्या शेजारी. दुकान असेपर्यंत तो तिथून हलला नाही.

मामा आता नाहीत. स्टुडिओच्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात. ती मिरची मात्र आमच्या गल्लीत जिन्याजिन्यावर उभी आहे, आणि दर हिवाळ्यात मामी मुलाच्या घरून राखेत घोळलेली एक पुरचुंडी पाठवतात. माझं इन्स्टिट्यूट कॉम्प्युटरचं झालंय. त्या कीबोर्डांनी टेबलावरची धूळसुद्धा हलत नाही. म्हणून खिडकीत मी एक जुनं मशीन ठेवलंय. रिबन वाळलीय, कागद लावत नाही. पोरांना वाटतं बाईंना जुन्याची हौस.

आज सकाळी ट्रेमध्ये पहिलं रोप वर आलं. मान वाकलेली, डोक्यावर टरफल. मी पाण्याचा थेंब सोडला आणि वाट बघितली. टोपी पडली, हनुवटी वर आली. मग मी खुर्ची पुढे ओढली आणि दहाही बोटांनी मशीन बडवायला घेतलं.

हं, आता हला.