योस्निएलचा वेग

सांता क्लारा शहरात कुणाच्या संगणकाचा मदरबोर्ड मेला की तो पिशवीत बसून इडालमिसच्या दारात यायचा. रेडिओच्या कारखान्यात वीस वर्षं सोल्डरिंगचे डाग देण्यात गेलेली ही बाई. कारखाना बंद पडला तसं तिनं पुढच्या खोलीत टेबल मांडलं. गिऱ्हाईकं बहुतेक एकाच दुखण्याची. प्रोसेसरला झेपेल त्याहून जास्त पळवायचं आणि यंत्र बेशुद्ध पडलं की हिच्याकडे धाव घ्यायची. ती आधी शिव्या द्यायची, मग कॉफी. मग बोर्डावरची बटणाएवढी बॅटरी काढायची, मेमरीची एकच पट्टी ठेवायची, आणि बरेचदा तेवढ्यानं भागायचं. ‘वेग मूळ पदावर आणल्याशिवाय बायोस बदलू नये’ असा कागदच तिनं भिंतीला डकवला होता. बायोस म्हणजे यंत्राला जागं करणारी, बोर्डावरच्या चिपमध्ये लिहिलेली आज्ञावली.

तिचं स्वतःचं यंत्र मात्र योस्निएलचं. तिचा एकुलता एक मुलगा तीन वर्षांपूर्वी उरुग्वेला गेला. जाताना प्रोसेसर चढवलेल्या वेगावर ठेवून गेला, आणि ती आकड्यांची जुळणी बायोसमध्ये ‘हात लावू नको’ या नावानं साठवून गेला. शेरा कुणासाठी होता देव जाणे, पण आईनं आज्ञा म्हणूनच मानला. भर दुपारी यंत्र तापायचं आणि नेमका योस्निएल व्हिडिओवर बोलत असताना गोठायचं. उघड्या तोंडाचा मुलगा पडद्यावर तसाच राहायचा.

“अगं, दोन पायऱ्या खाली आण ना वेग,” शेजारचा विल्फ्रेडो म्हणायचा. हा बस चालवून निवृत्त झालेला, जिभेला ब्रेक नसलेला. “पोरगा काय त्या आकड्यांत बसलाय?”

“बसलाय,” ती म्हणायची, आणि विषय संपायचा.

शेवटी कुणीतरी नवा बायोस आणून दिला. यानं यंत्र गोठायचं थांबतं, म्हणाला. इडालमिसनं तो चढवायला घेतला. वेग आधी उतरवायला हवा, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण उतरवायचं म्हणजे योस्निएलच्या जुळणीला हात लावायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! निम्मं लिहून झालं आणि यंत्र गोठलं. बॅटरी काढली, पट्ट्या बदलल्या, काही केल्या पडदा काळाच. चिपमधलं सगळं निम्म्यावर फाटलं होतं.

इलाज एकच होता. विल्फ्रेडोकडे अगदी तसाच बोर्ड होता. त्याचं यंत्र चालू करायचं, एकदा जागं झालं की त्याला चिप लागत नाही, म्हणून चालू असतानाच त्याची चिप उपटून हिची बसवायची, आणि तिच्यावर सगळं नव्यानं लिहायचं. जुनं काही उरणार नव्हतं.

“माझा डबा मेला तर जन्मभर तुझ्याकडे जेवीन,” विल्फ्रेडो म्हणाला. तरी वीज गेली तर पंचाईत नको म्हणून त्यानं आपल्या विजेच्या स्कूटरची बॅटरी जोडून दिली.

चिप तिनं झटक्यात बदलली. ‘पुसू का?’ असं यंत्रानं विचारलं तेव्हा मात्र तिनं प्रश्न दोनदा वाचला. तिनं होय दाबलं.

चिप आपल्या बोर्डात बसवली, यंत्र पहिल्या झटक्यात उठलं, थंड आणि शहाण्यासारखं. जुळण्यांची यादी कोरी होती. तिला रडू आलं आणि तिनं ते आवरलं नाही.

योस्निएल तिकडे ज्या गोदामात कामाला होता तिथल्या मधल्या सुट्टीची वेळ गाठून तिनं फोन केला.

“तुझा वेग गेला रे. आकडे सांग, पुन्हा घालते.”

“कुठले आकडे?” मागे पेट्या आदळत होत्या. “ते होय? आठवत नाहीत गं आई. घाईघाईत काहीतरी घातलं होतं.”

तीन वर्षं ती त्या काहीतरीला जपत आली होती.

“आई? आहेस ना? बरं, आता शोधू या. प्रोसेसरचा मेनू उघड.”

“कुठाय तो?” मेनू तिच्या समोरच उघडा होता.

“डावीकडे, वरून दुसरा.”

“छे, इथे तर नुसतं घड्याळ दिसतंय.”

“मग बाण दाबून खाली ये.”

“कुठला बाण रे, राजा?”

“आई, मला बायोस शिकवला कुणी?”

“मी. पण तू सांग ना. तुझा आवाज ऐकायचाय मला.”

योस्निएल खाकरला. “सुट्टीची सात मिनिटं उरलीत. पहिल्यापासून सांगतो. यंत्र सुरू कर आणि डिलीटचं बटण दाबून धर.”

इडालमिसनं चांगलं चालू असलेलं यंत्र बंद केलं आणि पुन्हा सुरू केलं.