प्रवाळाच्या घरातली आजी

असलं काही कोणी सांगायला लागलं की मी आधी त्यांच्या झोपेची आणि गोळ्यांची चौकशी करायचे. मी फार्मसिस्ट आहे, शारजात अल नहदाला राहते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघड वाटतंय...

मागच्या जानेवारीतली गोष्ट. शनिवार, दुपारचे साडेतीन. नवऱ्याचं रास अल खैमात साइटवर काम होतं, म्हणून त्याने मला आणि नऊ वर्षांच्या ईराला वाटेत जझिरा अल हमराला सोडलं. मोती काढणाऱ्यांचं हे जुनं गाव. समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडांनी बांधलेली घरं, मशीद, एक बुरूज. मोत्यांचा धंदा बसला, माणसं हळूहळू शहरांकडे गेली, गाव तसंच राहिलं. आता लोक फोटो काढायला येतात. आम्हीही त्यासाठीच गेलो होतो.

एका अंगणात पांढऱ्या कंदुऱ्यातले, म्हणजे पायघोळ अरबी झग्यातले, एक आजोबा एकटेच उभे होते. मी सलाम केला.

"हमारा घर," ते हिंदीत एवढंच म्हणाले.

ईरा तोवर आतल्या खोलीत शिरली होती. छप्पर पडलेली, एकच दार असलेली खोली. दोन मिनिटांत ती बाहेर आली.

"आई, आतली आजी विचारतेय, हमूद जेवला का?"

मी मराठीत बोलले तरी ईरा एरवी इंग्रजीतच बोलते, त्यामुळे आधी मला तिच्या मराठीचंच नवल वाटलं. आत डोकावले - वाळू, भिंतीवर ऊन. कोणी नव्हतं.

"बच्ची क्या बोला?" आजोबांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी भिंतीला हात टेकला. मग तुटक हिंदीत बोलले. त्यांचं नाव मोहम्मद. त्यांना हमूद असं फक्त आई म्हणायची. तरुणपणी तिच्याशी भांडून, न जेवता ते कुवेतला कामाला गेले. परत यायच्या आत ती याच खोलीत वारली.

"गुस्सा था?" त्यांनी ईराला विचारलं.

"नो. शी वॉज जस्ट आस्किंग."

ते चपला काढून आत गेले. हळू आवाजात म्हणाले, "कलेत, युम्मा." जेवलो, आई. एवढं अरबी मला कळतं.

ते नाव ईराला कुठून समजलं? तोवर आजोबांनी ते उच्चारलंही नव्हतं. खूप लॉजिक लावून पाहिलं, उत्तर अजून मिळालेलं नाही.

परतताना गाडीत मी विचारलं, आजी कुठल्या भाषेत बोलली?

ईरा खिडकीबाहेर बघत होती. "लाइक यू," ती म्हणाली.