ओहोटीतली डांगरवाडी

मनोहरराव गिरडकरांनी समुद्र पाहिला नव्हता. पाहायला जावं असंही त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात एक समुद्र होता आणि तो त्यांना पुरत होता.

चौतीस वर्षं त्यांनी रेल्वे डाकेत टपालाची वर्गवारी केली. नागपूरहून गाडी सुटली की डाकेच्या डब्यात खणांसमोर उभं राहायचं. पत्रावर नजर टाकायची, ते खणात फेकायचं. हात आपोआप चाले. फक्त कोकणच्या खणाशी तो जरा रेंगाळे. मालवण, देवगड, वेंगुर्लं, हर्णै. ही नावं वाचताना मनोहररावांना वाटे, या गावांतली माणसं खिडकी उघडतात तेव्हा समोर भिंत नसते.

एकाहत्तर साली ते निवृत्त झाले. दुसऱ्याच दिवशी हनुमाननगरातल्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत त्यांनी टेबल चढवलं आणि बायकोला, प्रयागबाईंना सांगितलं, "मी कादंबरी लिहून राहिलो."

"लिहा," प्रयागबाई म्हणाल्या. "पन जेवायले खाली येत जा. ताट वरते आनून देनं माह्याकून होत नाही."

कादंबरी एका निवृत्त माणसाची होती. त्याचं नाव विश्राम. सगळं सोडून तो समुद्रकाठी झोपडी बांधतो, कोणाशी बोलत नाही, नुसता पाण्याकडे पाहत राहतो. पाहता पाहता त्याला समुद्राचं वेड लागतं. पहिला अध्याय मनोहररावांनी बायकोला वाचून दाखवला.

"याले बायको काहून नाही?"

"कथेत अडचन होते."

"मंग मेली काय ते?"

"मेली नाही वं. नव्हतीच."

"मंग सैपाक कोन करते?"

याचा मनोहररावांनी विचार केला नव्हता. त्यांनी आठवडाभर खपून एक नवा अध्याय लिहिला. त्यात विश्राम भाकरी थापायला शिकतो. प्रयागबाईंना तो अध्याय फार आवडला. पुढचे त्यांनी ऐकले नाहीत.

लिहायची त्यांची रीत नोकरीचीच होती. सुताराकडून त्यांनी साठ खणांची मांडणी करून घेतली होती. एका खणात एक अध्याय. काही सुचलं की चिठ्ठीवर लिहायचं आणि उभ्यानंच त्या त्या खणात फेकायचं. "गाडी तेच आहे," प्रयागबाई शेजारणींना सांगत, "फक्त हालत नाही."

लग्नं सोडली, बारशी सोडली, पेन्शनरांच्या बैठका सोडल्या. मे महिन्यात गच्चीवरची खोली तव्यासारखी तापे. मनोहरराव डोक्यावर ओला टॉवेल टाकून बसत. दाराला खसची, म्हणजे वाळ्याची, ताटी होती. तिच्यातून पाणी ठिबके, आणि त्या आवाजावर ते दहा दहा पानांचा समुद्र लिहीत.

या एकांतात एकाच माणसाला वाट मिळाली. त्याचं नाव कवडू. तो त्यांच्याच गावचा, खाप्याचा. मराठीत एम.ए. झालेला आणि नागपुरात शाळेवर लागलेला. गावाहून निरोप घेऊन तो एकदा आला, पाणी येईपर्यंत टेबलावरचा एक कागद त्यानं वाचला, आणि पाण्याचा पेला हातात तसाच धरून उभा राहिला.

"काकाजी, हे कोनी लिहिलं?"

"मीच. काहून?"

कवडूनं आधी कागदाकडे, मग त्यांच्याकडे पाहिलं. त्यानं पुस्तकं पुष्कळ वाचली होती. पुस्तक लिहिणारा माणूस बनियनवर बसलेला त्यानं प्रथमच पाहिला. त्या दिवसापासून दर रविवारी तो यायचा, एक अध्याय वाचायचा, ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचा आणि भारावून घरी जायचा.

त्याचा लाडका अध्याय बाविसावा. त्यात विश्राम समुद्रात डांगरवाडी लावतो. डांगर म्हणजे खरबूज. खाप्याला कन्हान नदी आहे. माघात तिचं पाणी ओसरतं आणि वाळू उघडी पडते. लोक वाळूत ओल लागेपर्यंत चर खणतात, शेणखत घालतात, फडक्यात भिजवून मोड आणलेलं बी टाकतात. चैत्र-वैशाखात डांगरं, टरबुजं पिकतात. पाऊस यायच्या आत सगळं आवरायचं, कारण आषाढात नदी आपली जागा परत घेते. लहानपणी मनोहरराव मामाच्या वाडीत झोपडीत राहत, कोल्हे हाकलत. विश्रामनंही तेच केलं. माघात ओहोटी लागली, समुद्र कोसभर मागं सरला, आणि त्यानं त्या ओल्या वाळूत चर खणले. चार महिने तो वेलींशी बोलला. पहिलं डांगर पिकलं तेव्हा त्यानं ते फोडलं नाही, नुसतं हुंगलं. मग आषाढात भरती आली.

कवडूनं तो अध्याय तीनदा वाचला. तिसऱ्यांदा त्याचे डोळे भरून आले. सदर भागातल्या एका प्रकाशकाला त्यानं इतकं सांगितलं की शेवटी तो म्हणाला, "आणा बुवा सोमवारी. सगळंच बाड आणा. चांगलं असेल तर दिवाळीला काढू."

चौऱ्याहत्तरचा मे महिना होता. तीन वर्षांचं काम सोमवारी घराबाहेर पडणार होतं. मनोहररावांना जेवण जाईना.

"एक बार मोठ्यानं वाचून पाहा," कवडू म्हणाला. "कानाले चूक समजते."

म्हणून शनिवारी संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून सतरंजी घातली. ऐकायला तिघं. कवडू, प्रयागबाई आणि खालच्या खोल्यांत नव्यानं राहायला आलेल्या यमुताई. यमुताई देवगडच्या. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून आठ महिन्यांपूर्वी नागपुरात आलेल्या. देवगड म्हटल्यावर मनोहररावांनी त्यांना मुद्दाम समोर बसवलं. चौतीस वर्षं ज्या गावाची पत्रं फेकली, त्या गावचं माणूस त्यांना प्रथमच दिसत होतं.

त्यांनी बाविसावा अध्याय काढला. आवाज चांगला लागला. समुद्र मागं सरला. यमुताईंनी मान वर केली. विश्रामनं चर खणले. यमुताईंनी पदर तोंडाला लावला. बी रुजलं, वेल पसरले, डांगराला पिवळं फूल आलं, आणि यमुताई फुटल्या. त्या इतक्या हसल्या की सतरंजीवर कलंडल्या. प्रयागबाईंनी त्यांच्या पाठीवर थोपटलं. त्यांना वाटलं, ठसका लागला.

"काका, माफ करा हो," यमुताई डोळे पुसत म्हणाल्या. "पण चार महिने? चार महिने समुद्र गेला कुठं?"

"ओहोटी असते ना, ताई. माघ ते जेठ."

"अहो, ओहोटी रोज लागते! दिवसातून दोनदा समुद्र आत जातो नि दोनदा परत येतो. फूल कसलं येतंय? बी भिजायच्या आत तुमचा विश्राम गुडघाभर पाण्यात!"

मनोहररावांनी कवडूकडे पाहिलं. कवडूनं सतरंजीकडे पाहिलं.

शाळेत मास्तरांनी मनोहररावांना सांगितलं होतं, भरती-ओहोटी चंद्रामुळं होते. चंद्र म्हणजे महिना, आणि महिने म्हणजे ऋतू. नदीही तशीच वागत होती. पुढं जी पुस्तकं वाचली त्यांत 'भरती आली' आणि 'ओहोटी लागली' एवढंच असे. दिवसातून किती वेळा, हे लिहायची गरज कोणाला वाटली नव्हती.

"कवडू," ते शेवटी म्हणाले, "तू एम.ए. कशात केलं गा?"

"मराठीत."

"समुद्र नव्हता काय त्याच्यात?"

"होता. कवितेत."

"कवितेत तो दिवसातून किती येळा जाते?"

"ते पाह्यलं नाही, काकाजी."

प्रयागबाईंना हसू आलं. नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळलं. मनोहररावांनी कागद गोळा केले आणि आज प्रथमच ते न बोलावता जेवायला खाली उतरले.

रविवारी सकाळी कवडू आला तेव्हा ते मांडणीसमोर उभे होते. खणांतल्या चिठ्ठ्या काढून पोत्यात टाकत होते. फेकण्यात जुनी सफाई होती, म्हणून पाहायला जास्तच वाईट वाटत होतं.

"हे काय करून राहिले?"

"टपाल चुकीच्या गावाले गेलं. वापस बोलावून राहिलो."

कवडू रात्रभर विचार करून आला होता. "काकाजी, समुद्र काढून टाका. कन्हान टाका. माघ, चैत, आषाढ, सगळं जुळते. एक अक्षर बदलावं लागत नाही."

मनोहररावांचा हात थांबला. त्यांनी थोडा विचार केला आणि मान हलवली.

"कन्हानच्या काठी मानूस एकटा राहीन कसा? अर्धं खापा रोज नदीवर असते. कोनी धुनं धुते, कोनी म्हैस धुते. जो तो विचारीन, काहून गा, इथं काहून बसला? घरी भांडन झालं काय? त्याले समुद्रच पाहिजे."

"मंग डांगरवाडी काढा."

"डांगरवाडी काढली तर उरते काय? नुसता बसलेला मानूस."

कवडूनं मान डोलावली. तेवढं साहित्य त्यालाही कळत होतं. पोतं अर्धं भरलं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. यमुताई कोकमाचं सरबत घेऊन आल्या. रात्री त्यांनाही झोप लागली नसावी. पोतं पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"काका, मी काल हसायला नको होतं. पण खरं सांगू? आठ महिन्यांत इथं कोणी समुद्राचं नाव काढलं नव्हतं. भाजीवाली म्हणते संत्र्याचं बोला. तुम्ही वाचायला लागलात तर मला घरी गेल्यासारखं वाटलं. नि मग एकदम वेल! आमच्या पुळणीवर, त्या वाळूत!" त्यांना पुन्हा हसू यायला लागलं. त्यांनी ते सरबताच्या पेल्यात बुडवलं.

मनोहररावांनी घोट घेतला. आंबट होतं. त्यांनी विचारलं, "दोनदा म्हणता. रोज?"

"रोज."

"रविवारीसुद्धा?"

"रविवारीसुद्धा."

"टाइम ठरलेला?"

"रोज पाऊण-एक तास उशिरा. आज दहाला भरती, तर उद्या जवळजवळ अकराला."

"म्हंजे आमच्या पॅसेंजरसारखं."

"पण काका, ही गाडी कधी रद्द होत नाही."

हे मनोहररावांना पटलं. त्यांनी पेला खाली ठेवला. "बरं ताई, विश्राम सकाळी वाळूत बी लावते. मंग?"

"मग दुपारी पाणी येईल नि सगळं घेऊन जाईल. चर बुजतील. वाळू सपाट. तुम्ही तिथं काही केलं होतं याची खूणसुद्धा राहणार नाही."

"मंग तो काय करन?"

"शहाणा असेल तर घरी जाईल."

"शहाना असता तर तिथं आला असता काय?"

मनोहरराव उठले. खिडकीशी गेले, परत आले. कवडूनं त्यांना असं खोलीभर फिरताना कधी पाहिलं नव्हतं.

"तो पुन्हा लावीन," ते म्हणाले. "पानी गेलं की पुन्हा. रोज. पहिले त्याले माहीत नसते, मले नव्हतं तसं. तो खाप्याचा आहे. ओली वाळू पाह्यली की हात राहत नाही त्याचा. पहिल्या दिवशी वाडी वाहून जाते तं तो समजते, पूर आला. दुसऱ्या दिवशी समजते, आपलंच चुकलं. आठ दिवसांनी त्याले सगळं समजते. अन् तरी तो लावते."

"काहून?" कवडूनं विचारलं.

"तेच तं लिहाचं आहे गा! वेड म्हनलं होतं ना मी? तीन वर्षं वेड वेड लिहिलं अन् मानूस डांगरं पिकवून राहिला होता. ज्याचं पीक येते तो काय येडा असते?"

कवडू पाहतच राहिला. ज्या चुकीनं तो रात्रभर शरमला होता, ती चूक काकाजींनी उचलून सरळ विश्रामच्या खणात टाकली होती.

"पन काकाजी, उद्या सोमवार. प्रकाशक वाट पाहीन."

"त्याले सांग, झाली नाही."

"कधी होईन म्हनून सांगू?"

"तीन वर्षं म्हन. चार म्हन."

प्रयागबाई हे सगळं दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "म्हंजे पुन्हा पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून वं. भाकरीचा अध्याय राहू देतो."

"तो राहू द्याच," त्या म्हणाल्या आणि यमुताईंकडे वळल्या. "पाह्यलं? दिवाळीले मोकळे झाले असते. मी काशीले नेनार होती यांना. तुमच्या समुद्रानं माही काशी बुडवली."

पण त्या रागावलेल्या दिसत नव्हत्या. पोतं त्यांनीच उलटं केलं.

मनोहररावांनी कोरी चिठ्ठी घेतली. "ताई, पानी जाते तवा पायाखाली काय होते?"

यमुताईंनी सांगायला तोंड उघडलं, पण ते नुसतं सांगून कळण्यासारखं नव्हतं. त्यांनी चपला काढल्या आणि गच्चीवर गेल्या. "असे उभे राहा. टाचा जुळवून. लाट येते, घोट्यापर्यंत. गार. मग ती मागं जाते नि टाचेखालची वाळू ओढून नेते. तुम्ही हललेले नसता, पण खाली खाली जाता. पोटात गुदगुल्या होतात."

मनोहरराव अनवाणी त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. टाचा जुळवल्या. डोळे मिटले. दहा वाजून गेले होते आणि फरशी चांगलीच तापली होती. कवडू जरा घुटमळला. मग त्यानंही बूट काढले.

"अवो, पाय भाजतीन!" प्रयागबाई सावलीतून ओरडल्या.

"थांब वं," मनोहरराव डोळे न उघडता म्हणाले. "लाट वापस जाऊन राहिली."