चावीवाल्या गुणाजीची साखर

ठाण्याजवळच्या आमच्या दिवा गावात देवापेक्षा चावीवाल्याला जास्त नमस्कार मिळतात. पाण्याच्या लाइनीचा व्हॉल्व्ह उघडतो आणि बंद करतो तो चावीवाला. आमच्या गल्लीचा चावीवाला गुणाजी. खांद्यावर ती लांबलचक लोखंडी चावी टाकून तो निघाला की बायका हंडे-बादल्या घेऊन दारात. आणि हा बावळट कुणालाच नाही म्हणायचा नाही. "गुणाजीभाऊ, अजून थोडं चालू ठेवा ना, पिंप अर्धंच भरलंय," म्हटलं की हा चावी धरून उभाच. पलीकडच्या गल्लीवाले शिव्या घालायचे, तेव्हाही हसायचा. गालात तंबाखूची गोळी ठरलेली.

त्याच गालात कॅन्सर निघाला.

ठाण्याच्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, ऑपरेशन होईल. गाल आणि थोडा जबडा काढायचा, छातीचं मांस तिथे लावायचं. पण रक्तातली साखर निघाली साडेतीनशेच्या वर. गुणाजीला आपल्याला डायबिटीस आहे हेच ठाऊक नव्हतं. "एकशेऐंशीच्या खाली आणा, नाहीतर लावलेलं मांस धरणार नाही, सडेल," डॉक्टरांनी बजावलं. इन्सुलिन लिहून दिलं आणि ऑपरेशनची तारीख दिली.

मी जुनी डायबिटीसवाली, घरात साखर बघायचं मशीन आहे. त्यामुळे रोज सकाळी गुणाजीच्या बोटाला टोचायचं काम माझ्याकडे आलं. त्याची बायको विमलाबाई समोर हात जोडून बसायची. पट्टीला रक्ताचा थेंब लावला की ती श्वास रोखून धरायची. आकडा जरा उतरला की मला जबरदस्तीने चहा पाजायची. बिनसाखरेचा, तो मलाही आणि त्यालाही.

त्याचं तोंड नीट उघडत नव्हतं. भाकरी चावता यायची नाही, मऊ असेल तेवढंच गिळायचा. गल्लीला एवढं कळलं आणि झालं! ज्या ज्या घराचं पिंप त्याने भरलं होतं, त्या त्या घरातून खीर यायला लागली. शिरा, आमरस, रव्याची लापशी. मी दारात उभी राहून भांडले. गोड आणू नका म्हटलं, तर गुळाचं आणायला लागल्या. "गुळाने काय नाय होत ओ ताई," समोरची संचिता मला शिकवायला लागली. मला! अर्धं आयुष्य गोळ्या गिळण्यात गेलेल्या बाईला!

विमलाबाईचं तर वेगळंच. भरलेलं भांडं परत पाठवणं तिच्या हातून व्हायचं नाही, लोकांचं मन कसं मोडायचं? वर रिकामं भांडंही परत द्यायचं नसतं, म्हणून ती धुतलेल्या वाटीत चिमूटभर साखर घालून पाठवायची. ज्या घरात साखरेने जीव टांगणीला लावला होता, त्या घरातून गल्लीभर साखर वाटली जात होती. मी कपाळावर हात मारून घेतला.

पण मीही चिवट. आलेल्या वाट्या मी माझ्या घरी वळवल्या. आकडा हळूहळू उतरला. एकशेसाठ दिसले त्या दिवशी विमलाबाई रडली, आणि खरं सांगते, मलाही आवरलं नाही. आता हा माणूस वाचणार, असं मला मनापासून वाटलं.

भरती व्हायच्या आदल्या दिवशी मला लेकीकडे ठाकुर्लीला जावं लागलं. तेवढ्यात गल्लीत कुणीतरी उठवलं की ऑपरेशननंतर नाकातून नळी घालतात, मग तोंडाने खाणं कधी होईल कोण जाणे. झालं. दुपारभर रांग लागली. शेवटचं तोंडाने खाऊन घ्या भाऊ, इच्छा राहायला नको. बायकांनी रडत रडत चमच्याने भरवलं. गुणाजीने सगळ्यांचं खाल्लं. आयुष्यात कुणाला नाही म्हणाला होता, तो त्या दिवशी म्हणणार?

हॉस्पिटलात साखर चारशेच्या वर भरली. लघवीतही दोष निघाला. ऑपरेशनच्या यादीतून नाव गेलं, पुढची तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली. मी विमलाबाईवर तोंड टाकलं. ती एवढंच म्हणाली, "ताई, लोकं रडत भरवत होती ओ. मी कोणाकोणाचा हात धरू?"

दीड महिन्यात गाठ जबड्यामागून वर कवटीकडे सरकली. डॉक्टरांनी तपासलं आणि फाइल मिटली. आता ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणाले. निघताना विमलाबाईला म्हणाले, "पथ्य सोडा आता. इन्सुलिनही थांबवा. मागतील ते द्या."

पण मागणार कोण? जबडा पुरता आवळून बसला होता. नळी घालायला गुणाजीने हात जोडून नको म्हटलं होतं, असं आम्ही समजलो. खरं तर तो फक्त हात जोडून बसला होता. चमच्याने पाणी घातलं तर अर्धं उशीवर सांडायचं. ओट्यावर गल्लीच्या वाट्या मांडलेल्या, खिरीवर साय धरलेली, कडेने मुंग्या. बाहेर नवा चावीवाला यायचा आणि वेळेवर पाणी बंद करायचा.

काल सकाळी विमलाबाईने मला हाक मारली. "ताई, एकदा मशीन लावा ना."

"आता कशाला गं?"

"लावा ओ. माझ्यासाठी."

मी टोचलं. बोटातून रक्तही नीट येईना, दाबून दाबून थेंब काढला. एकशे बारा.

"आली! ताई, आली खाली!" विमलाबाई उठलीच. कपाटातून तिने त्याचा इस्त्रीचा शर्ट काढला. "आता घेतील ना डॉक्टर? आता तरी ऑपरेशन करतील ना?"

पोटात काही नसलं की साखर अशीच उतरते, हे मला कळत होतं. ते सांगायला मी तोंड उघडलं आणि माझी नजर गुणाजीकडे गेली. तो माझ्याकडेच बघत होता. त्याने मान हलवली, आडवी. सांगू नका, अशी.

इतक्या वर्षांत त्याला नाही म्हणताना मी पहिल्यांदा बघितलं. मी मशीन पिशवीत टाकलं आणि विमलाबाईने त्याला शर्ट घालायला घेतला, तेव्हा मीच त्याचा हात उचलून बाहीत घातला.