भाडेकरूसकट तयार घर

अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये तीस वर्षं शाळेची बस चालवून व्हर्डेल हॉपसन निवृत्त झाली. साठवलेला पैसा कुठे गुंतवावा या विचारात ती असतानाच घरं विकणाऱ्या एका कंपनीचा कॉर्बिन नावाचा विक्रेता दारात उभा राहिला.

"मिस व्हर्डेल, घर दुरुस्त केलेलं, भाडेकरूही आत आहे. काही बिघडलं तर आमची माणसं धावतील. तुम्ही फक्त भाडं घ्यायचं."

तिला हवं होतं ते हेच. या वयात शिडीवर कोण चढणार? पण दुरुस्ती यांची, भाडेकरू यांनी आणलेला, देखभाल यांच्याकडे आणि घर उत्तम आहे हे सांगणारेही हेच! तिला ते काही पटेना.

"तुला तर पोस्टमनचाही संशय येतो," बहीण आयँथा हसली. "कॅलिफोर्नियाचे लोक अशी घरं न बघता घेतात."

"म्हणूनच त्यांना विकतात."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच त्या घरी गेली. रंगाचा वास अजून ताजा होता. ओझेला नावाच्या बाईने दार उघडलं. ती एका वृद्धाश्रमात स्वयंपाक करायची.

"कंपनीकडून आलात?"

"नाही गं. घर घ्यावं म्हणतेय. भाडं परवडतं ना तुला?"

ओझेला गडबडली. मग हळूच म्हणाली, "घर विकेपर्यंत फुकट राहा म्हणालेत. पुढचं मलाच माहीत नाही. माझं नाव सांगू नका हं."

व्हर्डेलने टॉर्च घेतला आणि घराखालच्या पोकळीत वाकून पाहिलं. घर पेलणाऱ्या लाकडी तुळईत किल्ली खुपसली, तर ती लोण्यात जावी तशी आत गेली.

तिने कॉर्बिनला फोन केला. "तुळया कुजल्यात."

"तपासणीचा अहवाल आहे ना, मॅडम."

"तपासणारा कुणाचा?"

त्यावर तो हवापाण्याचं बोलायला लागला. व्हर्डेलने घर घ्यायला नकार दिला. ओझेलाबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही.

दोन महिन्यांत ते घर ओरेगॉनच्या कुणीतरी घेतलं. पूर्ण भाडं मागितल्यावर ओझेलाला ते सोडावं लागलं. तोवर व्हर्डेलने शेजारच्या गल्लीत एका म्हाताऱ्याचं जुनं घर घेतलं होतं. छप्पर कुठे गळतं ते त्याने स्वतःच दाखवलं होतं. तरी तपासायला तिने आपला माणूस नेलाच.

ओझेला ते घर भाड्याने मागायला आली.

"पगाराच्या स्लिपा आण," व्हर्डेल म्हणाली.

"माझ्यावरपण संशय? मी तुम्हाला खरं सांगितलं होतं!"

"सांगितलंस. तरी आण."

ओझेलाने स्लिपा टेबलावर आपटल्या. ती राहायला आली, पण महिनाभर व्हर्डेलशी धड बोलली नाही.